साधं आयुष्य आणि पाण्याचा दिवस

हल्ली एक नवीनच टूम निघाली आहे. पूर्वी परदेशात जाणारा माणूस सरळ सांगायचा, "पैसे कमवायला चाललो." फार तर "शिकायला चाललो" म्हणायचा आणि ऐकणाऱ्याला जे समजायचं ते समजायचं. आता तसं नाही. आता आमच्या बॅचचे लोक 'साधं आयुष्य' जगायला जातात. लहानसं गाव, दहा मिनिटांवर ऑफिस, संध्याकाळी पाचला घरी, मागच्या अंगणात झाडं, शनिवारी पोरांना घेऊन लायब्ररी. न्यूयॉर्क नको, सॅन फ्रान्सिस्को तर नकोच नको. इंडियानात किंवा आर्कान्सात एखादं पन्नास हजार वस्तीचं गाव बघायचं. "ती धावपळ नको रे बाबा, शांत, साधं जगायचंय."

हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता पुढचं मीच म्हणून टाकतो.

जाणाऱ्यांवर माझा अजिबात राग नाही. ज्याला जायचंय त्याने जावं, पासपोर्ट त्याचा, आयुष्य त्याचं. मीही तीन वर्षं हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घालवली आहेत, तेव्हा धावपळ नको वाटणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. माझं भांडण आहे ते त्या 'साधं' या शब्दाशी. कारण त्या आयुष्यात साधं काहीही नाही, आणि त्या शब्दाच्या आड जे झाकलं जातं त्याचा त्रास इथे गारखेड्यात बसून मला रोज दिसतो.

आता उदाहरणच घ्या. कोलंबस, इंडियाना. (ओहायोतलं मोठं कोलंबस नव्हे. बऱ्याच जणांचा घोळ होतो.) वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. कमिन्स या इंजिन कंपनीचं मुख्यालय तिथे, आणि कमिन्स पुण्यात १९६२ पासून, त्यामुळे मराठी इंजिनियरांना हे गाव नवीन नाही. माझा एक मित्र तिथे आहे. दर शनिवारी लायब्ररीचा फोटो पाठवतो. लाल विटांची इमारत, समोर फरसबंदी, त्यात एक भलंमोठं कमानीसारखं शिल्प. खाली ओळ ठरलेली, "सिंपल लाइफ".

अरे भल्या माणसा, ती लायब्ररी आय. एम. पेई यांनी बांधलेली आहे! १९६९ साली. म्हणजे पुढे ज्यांनी पॅरिसच्या लुव्र संग्रहालयासमोरचा काचेचा पिरॅमिड केला, तेच. आणि समोरचं ते शिल्प हेन्री मूर यांचं. पन्नास हजारांच्या गावात ही मंडळी कशी काय पोचली? तर कमिन्सचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांच्या डोक्यात आलं की आपल्याला चांगले इंजिनियर हवे असतील तर ते या आडगावात राहायला तयार झाले पाहिजेत, आणि त्यासाठी गाव चांगलं पाहिजे. १९५० च्या दशकात गावात नव्या शाळा बांधायची वेळ आली तेव्हा कंपनीच्या फाउंडेशनने सांगितलं, आर्किटेक्टची फी आम्ही देतो, फक्त आर्किटेक्ट आमच्या यादीतला निवडा. आधी शाळा झाल्या, मग इतर सार्वजनिक इमारती. दशकानुदशकं हे चाललं. म्हणजे ज्याला माझा मित्र 'सिंपल' म्हणतो ते गाव एका श्रीमंत कंपनीने, इंजिनियरांना ओढून आणण्यासाठी, ठरवून, पैसे ओतून घडवलं. त्या सापळ्यात (चांगल्या अर्थाने म्हणतोय) तो साठ-सत्तर वर्षांनी अलगद जाऊन बसला, आणि त्याला वाटतंय आपण निसर्गाकडे परत चाललोय.

साधेपणा कसला आलाय? ही उत्तम चालणारी नगरपालिका आहे. नळाला पाणी, रस्त्याला फुटपाथ, लायब्ररीत पुस्तकं आणि प्रॉपर्टी टॅक्स वेळेवर भरणारे लोक. याला 'सोय' म्हणतात. सोय हवी असण्यात काही वाईट नाही, पण मग तसं म्हणा ना.

बरं, निदान तिथे राहणाऱ्याचं स्वतःचं आयुष्य तरी साधं असतं का? एच-वन-बी तीन वर्षांचा, मग आणखी तीन. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर बॅगा भरा. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांब की २०२५ मध्ये ईबी-टू गटात ज्यांचा नंबर लागत होता त्यांनी २०१३ च्या सुमाराला अर्ज केलेला. तोवर मुलगा एकवीस वर्षांचा झाला तर तो आईबापांच्या व्हिसावरून बाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प साहेबांनी बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली, तेव्हा सुट्टीवर इकडे आलेले आमचे दोन 'साधे' मित्र रात्रभर विमानाची तिकिटं शोधत होते. नियम जुन्या व्हिसाधारकांना लागू नाही हे कळेपर्यंत त्यांच्या घरात कुणी जेवलं नाही. पूर्वी शेतकरी पावसाची वाट बघायचा, हे व्हिसा बुलेटिनची बघतात. दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागते ते वेगळंच.

आणखी एक गंमत. त्या लहान गावांतली स्वतःची पोरं काय करतात? निघून जातात. कॅनडाने तर २०१९ मध्ये खास योजनाच काढली होती, लहान आणि उत्तरेकडच्या गावांसाठी. थंडर बे, सडबरी, सू सेंट मेरी अशी अकरा गावं त्यात होती. कारण उघड आहे, तरुण माणसं टिकत नाहीत, बाहेरून आणावी लागतात. म्हणजे थंडर बेचा पोरगा टोरांटोला चालला शहर हवं म्हणून, आणि त्याच्या जागी आमचा गारखेड्याचा पोरगा चालला गाव हवं म्हणून! कुणीतरी या दोघांची एकदा गाठ घालून द्यायला पाहिजे.

आता गारखेड्याबद्दल. नावातच खेडं आहे, पण आता सूतगिरणी चौकात संध्याकाळी सातला उभं राहून बघा. आमच्या आईवडिलांची पिढी बीड-परभणी-जालन्याकडून इथे आली ती गाव सोडून शहरात आली. कुणी वाळूजच्या कंपन्यांत, कुणी बँकेत, कुणी झेडपीत. पोटाला चिमटा घेऊन प्लॉट घेतले, त्यावर आधी दोन खोल्या, मग वरचा मजला 'पोरासाठी'. त्यातले बरेचसे वरचे मजले आता रिकामे आहेत किंवा भाड्याने दिलेत. पण मी तुम्हाला सांगतो, ज्या गोष्टींची यादी घेऊन लोक इंडियानात जातात त्यातल्या निम्म्या इथे होत्या आणि आहेत. गारखेड्यातून चिकलठाण्याच्या एमआयडीसीत दुचाकीवर वीस मिनिटांत जाता येतं. विभागीय क्रीडा संकुल चालत जाण्याच्या अंतरावर. हेडगेवार रुग्णालय जवळ. शेजारी नावाने ओळखतात.

मग नाही काय? पाणी नाही.

हा विषय आमच्या शहराबाहेरच्या माणसाला खरा वाटत नाही. पैठणला जायकवाडी, १९७६ पासून भरलेला नाथसागर, क्षमता शंभर टीएमसीच्या वर, अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आणि शहरात मे २०२२ मध्ये आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येत होतं म्हणून मोर्चे निघत होते. मधल्या काळात 'समांतर'चा तमाशा झाला. २०१४ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, २०१६ मध्ये करार रद्द. मग १६८० कोटींची नवी योजना, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन. तिचा खर्च फुगून २७४० कोटींवर गेला आणि काम पुढे सरकावं म्हणून हायकोर्टाच्या खंडपीठाला सुनावण्या घ्याव्या लागल्या. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने या गावाला जमिनीखालून नहर आणून पाणी दिलं होतं. तो तर हबशी, इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, स्वतःच्या मर्जीने आलेलासुद्धा नव्हता. पण राहिला तिथे पाणी आणलं.

पाण्याचा दिवस काय असतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. त्या दिवशी लग्नाला जायचं नाही, दवाखान्याची वेळ घ्यायची नाही. वेळ पहाटे चारची असू शकते किंवा रात्री अकराची. लाइनमनने व्हॉल्व्ह उघडला की गल्लीत हाका सुरू होतात. मोटर लावायची, हौद भरायचा, मग वरची टाकी, मग ड्रम, मग बादल्या, मग घरातली पातेली. प्रेशर गेलं की संपलं, पुढच्या दिवसापर्यंत हिशोबाने. मध्येच वीज गेली तर टँकर. हे सगळं सत्तरीतली दोन माणसं करतात, कारण 'पोरासाठी' बांधलेल्या मजल्यावरचा पोरगा शांत, साधं आयुष्य जगायला गेलाय.

त्या लायब्ररीवाल्या मित्राचे आईवडील माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना वाकून हौदाचं झाकण उचलता येत नाही. तेव्हा पाण्याच्या दिवशी काकूंचा फोन मला येतो. मी जातो, मला त्याचं काही नाही, लहानपणी त्यांच्या घरी पोतंभर पोहे खाल्लेत. पण परवा मी झाकण उचलत असताना व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो आला, तळ्याकाठी बदकं आणि "लाइफ शुड बी सिंपल". त्याचं आयुष्य सिंपल आहे कारण त्याच्या वाटणीचं झाकण दुसरं कुणीतरी उचलतंय. मी असेन, कामवाल्या मावशी असतील, मेडिकलवाला पोरगा असेल. हे त्याला मी तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, "मी पैसे पाठवतो ना." पाठवतो, खोटं कशाला बोलू. पण डॉलरने प्रेशर वाढत नाही.

याच्या उलट आमच्या वर्गातली एक मुलगी. तीही गेली, जर्मनीत, छोट्याच गावात. तिला विचारलं तर ती साधंबिधं काही म्हणत नाही. ती म्हणते, "इथे घर भाड्याने घेताना आडनाव ऐकून कुणी 'जागा गेली हो' म्हणत नाही, आणि रात्री दहाला घरी आले तर खिडकीतून कुणी बघत नाही." याला म्हणतात कारण! याला माझ्याकडे उत्तर नाही. शेजारी नावाने ओळखतात असं मी वर मोठ्या कौतुकाने लिहिलंय, त्या ओळखीचा जाच तिने भोगलाय. ती गेली ते योग्यच केलं. 'गावाकडचं निर्मळ जीवन' वगैरे रील्स करणाऱ्यांनाही हेच लागू. ते निर्मळ जीवन कुणासाठी निर्मळ होतं ते आधी विचारा.

पण बाकीच्यांचं काय? ज्यांना फक्त पाणी, फुटपाथ आणि लायब्ररी हवी होती त्यांचं? एप्रिल २०२० मध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराला निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाकडे. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाख वस्ती असलेलं शहर, आणि गल्लीतल्या पाइपलाइनसाठी धरायला कुणाची कॉलर नव्हती! बॅचच्या ग्रुपवर या पाच वर्षांत किती मेसेज आले असतील? मी शोधून पाहिलं. शहराचं नाव बदललं तेव्हा शेकड्यांनी, दोन्ही बाजूंनी, दोघं तर ग्रुप सोडून गेले. नगरसेवक नसण्याबद्दल एक. तो माझा. त्यावर एक अंगठा.

तिकडे यांना मत नाही, कारण नागरिक नाहीत. इकडे २०११ पासून परदेशस्थ भारतीयाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष यावं लागतं, आणि महापालिकेच्या मतदानासाठी विमानाचं तिकीट कोण काढणार? म्हणजे तिथल्या लायब्ररीचं श्रेय यांचं नाही आणि इथल्या पाण्याची जबाबदारीही यांची नाही. दोन्हीकडून मोकळे. तुम्ही म्हणाल, मग काय सगळ्यांनी परत यायचं? छे, कुणी सांगितलं? परत येऊन हौद भरणाऱ्यांत आणखी एकाची भर पडेल, एवढंच.

माझं मागणं फार लहान आहे. अमेरिकेत पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेला दरवर्षी नळाच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल ग्राहकांपर्यंत पोचवावा लागतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी तसा नियम झाला. पाणी कुठून येतं, त्यात काय सापडलं, मर्यादा किती, सगळं त्यात असतं. मंडळी, तो अहवाल तुमच्याकडे नक्की येतो, बहुतेक न वाचता रद्दीत जातो. पुढच्या शनिवारी लायब्ररीचा फोटो नको. तो पाठवा. आणि त्यासोबत तुमच्या गावची पाणीपट्टी किती, मीटर कुणाचे, गळती किती, पाइप किती वर्षांनी बदलतात, हे तिथल्या ऑफिसात जाऊन विचारून पाठवा. तुम्ही इंजिनियर आहात, एवढं जमेल. मी ते मराठीत करतो, छापून काढतो आणि वॉर्डातून जो कुणी निवडून आला असेल त्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो. काका सोबत यायला तयार आहेत, गुडघा दुखत असला तरी. फक्त पाण्याचा दिवस सोडून कुठल्याही दिवशी.