सुकट-बोंबलाचा भाव अन् समुद्राची ओढ

पोहरादेवी : आठवडी बाजारात सुकट महागली की आपण दुकानदाराशी हुज्जत घालतो. पण बराचसा हिशेब अरबी समुद्रातच ठरलेला असतो. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. हा बारका झिंगा ओढीविरुद्ध फारसा पोहू शकत नाही, पाणी नेईल तिकडे जातो. अशा तरंगत्या जीवांना प्राणिप्लवक म्हणतात. बोंबीलही बराचसा जवळ्यावर जगतो. कोळी डोळ जाळं एका जागी रोवतात. उधाणाच्या ओढीत ते भरतं, भांगाला रिकामं.

आत खोल समुद्रात खेळ वेगळा. किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडं, हिवाळ्यात उत्तरेकडं वाहतो. मधेच शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीचे भोवरे पडतात. घड्याळाच्या उलट फिरणारा भोवरा खालचं थंड, कसदार पाणी वर काढतो. सूक्ष्म वनस्पती माजतात, त्या खाऊन प्लवक वाढतं, मागं मासे येतात. सुलट भोवऱ्यात कस खाली दबतो. एक वावर पिकतं, शेजारचं पडीक!

हैदराबादचं इन्कॉइस उपग्रहावरून पाण्याचं तापमान अन् हिरवेपणा बघून मासे कुठं मिळतील ते कळवतं. चांगली सोय आहे, पण मोठ्या बोटवाल्याची. उपग्रहाला जवळा दिसत नाही, अन् रोवलेलं जाळं भोवऱ्यामागं धावत नाही.