दुधाचा जमाखर्च आणि जनावराचें हाड

शेतकरी हिशेबांत कच्चा असतो, हा सर्वसाधारण समज प्रस्तुत लेखकास मान्य नाहीं. महसूल खात्याच्या दप्तरांत नोकरीचीं वर्षें काढल्यावर त्याचें मत अगदीं उलट झालें आहे. बांधावरील एका गुंठ्यासाठीं शेतकरी मोजणीदारास तीन वेळां बोलावितो. सातबाराच्या उताऱ्यांत पीकपाहणीची नोंद चुकली तर चावडीवर ठाण मांडून बसतो. आणि २०१५ सालीं मृदा आरोग्यपत्रिकेची योजना निघाल्यापासून जमिनींत काय उणें आहे याचीहि चौकशी करूं लागला आहे. परंतु हाच हिशेबी मनुष्य गोठ्यांत शिरतांना वही बाहेर ठेवतो. सरकारी कागदहि याहून फारसे निराळे नाहींत. गुरांची खानेसुमारी १९१९ पासून होत आली. तींत शिंगें मोजलीं जातात, हाडांत काय शिल्लक उरलें आहे तें कोणी मोजीत नाहीं.

हा प्रश्न आपल्या भागांत विशेष महत्त्वाचा कां, तें पाहूं. खडकवासल्याच्या धरणावरून निघालेल्या मुठेच्या उजव्या कालव्यानें हडपसरच्या परिसरास ऊस आणि भाजीपाला दिला. आज हडपसरच्या पुष्कळ मळ्यांवर इमारती उभ्या आहेत. तथापि मांजरी, फुरसुंगी, लोणी काळभोर या बाजूस गोठे अद्यापि आहेत. चरण्याचीं रानें मात्र आटलीं. जनावर दावणीला आलें, आणि दावणींत हंगामांत उसाचे वाढे, एरवीं कोबी-फुलकोबीचा पाला व लसूणघास, असा चारा पडूं लागला. त्यांत १९६७ सालीं उरुळी कांचन येथें मणिभाई देसाई यांनीं स्थापिलेल्या संस्थेच्या संकरित पैदाशीच्या कार्यानें अधिक दुधाची गाय घरोघर आली. ही प्रगतीच होय. परंतु उत्पन्न वाढलें म्हणजे खर्चहि वाढतो, हा साधा नियम आपण विसरलों.

त्या खर्चाचा आंकडा मांडून पाहावा. गाईच्या एक लिटर दुधांतून सुमारें सव्वा ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चुन्यांतील सत्त्व, बाहेर जातें. म्हशीच्या दुधांतून पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. दहा लिटर देणारी म्हैस महिन्यास अर्ध्या किलोहून अधिक कॅल्शियम आपल्या किटलींत ओतते. त्याच्या जोडीला स्फुरद जातें. ज्या स्फुरदासाठीं आपण उसाला पोतींच्या पोतीं खत घालतों, तेंच हें. जनावराच्या रक्तांत एका वेळीं कॅल्शियमची रोकड अवघी कांहीं ग्रॅम असते. बाकीची सारी ठेव हाडांत असते. रोजच्या चाऱ्यांतून भर पडली नाहीं तर ठेव मोडावी लागते. आणि जनावर वितें त्या दिवशीं चिकाचें देणें एकदम उभें राहतें. ठेव मोडण्यास मात्र वेळ लागतो.

आतां वाढ्यांची गोष्ट. वाढ्यांत ऑक्झलेट नांवाचे क्षार असतात. ते पोटांत कॅल्शियमला धरून बसतात आणि शेणावाटे घेऊन जातात. म्हणजे चाऱ्यांत कॅल्शियम असूनहि तें जनावराच्या हातीं लागत नाहीं. वाढे अजिबात टाकून द्यावेत असें आमचें म्हणणें नाहीं. ते फुकटांत मिळतात हें आम्हांसहि कळतें. परंतु त्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी, त्यांत कडबा व दुसरा हिरवा चारा मिसळावा, आणि केवळ वाढ्यांवर दुभतें जनावर ठेवूं नये. तीच गोष्ट कोबीच्या पाल्याची व लसूणघासाची. यांत स्फुरदाची बाजू लंगडी असते. विल्यानंतर कांहीं आठवड्यांत म्हशीची लघवी लाल होते, तिचें एक मोठें कारण स्फुरदाची उणीव हें आहे. गोचिडांच्या तापांतहि लघवी लाल होते, म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करवावें. गव्हाचा कोंडा आणि पेंड यांत स्फुरद पुष्कळ असतें; आंबोण कमी करून केलेली काटकसर पुढें महाग पडते ती यामुळेंच.

जनावर भिंत चाटतें, चिंध्या व चामडें चघळतें, हाडूक तोंडांत धरून उभें राहतें; आपण त्यास खोड म्हणतों. ती खोड नव्हे, तो अर्ज आहे. दक्षिण आफ्रिकेंत १९२० च्या सुमारास थायलर या पशुवैद्यानें दाखवून दिलें कीं, कुरणांतील स्फुरदाच्या अभावामुळें गुरें मेलेल्या जनावरांचीं हाडें चघळीत आणि त्या सडक्या हाडांतील विषानें मरत. गाय वारंवार उलटते, माजावर येत नाहीं, यांचीं कारणें शोधतांनाहि दावण तपासावी.

व्यालेली म्हैस दोन-तीन दिवसांच्या आंत बसते, मान कुशीकडे वळविते, कान गार पडतात. यास दुधाचा ताप म्हणतात; वास्तविक ताप नसतोच, अंग थंड पडत जातें. घरांत दृष्ट काढली जाते आणि मोलाचा वेळ जातो. १८९७ सालीं डेन्मार्कमधील श्मिट या पशुवैद्यानें कासेंत द्रावण भरून अशीं जनावरें उठविलीं. पुढें नुसती हवा भरूनहि तीं उठूं लागलीं, कारण दुधाचा ओघ थांबला कीं कॅल्शियमची गळतीहि थांबते. १९२५ सालीं एडिंबरोच्या ड्रायर व ग्रेग यांनीं हा कॅल्शियमच्या उणिवेचा रोग आहे असें मत मांडलें. आज शिरेंतून कॅल्शियम दिल्यावर पडलेलें जनावर पाहतां पाहतां उभें राहतें. पण या चमत्कारानेंच आपली दृष्टि बिघडविली आहे. बाटली म्हणजे उपाय, अशी समजूत झाली. ती बाटली घाईनें शिरेंत सोडली तर हृदय बंद पडतें, म्हणून अशिक्षित हातांत ती नसावी. विण्यापूर्वींच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा करणेंहि चुकीचें. त्यानें हाडांतील ठेव काढण्याची शरीराची क्रिया मंदावते.

कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांनीं क्षार कधीं घातले? त्यांची गाय दहा जातींचें गवत चरत होती आणि दोन-तीन लिटर दूध देत होती. तिचा जमाखर्च जुळत होता. तुमचा जुळत नाहीं. कोणी म्हणेल, खर्च कोठून आणावा? मोठ्या दुभत्या जनावरास रोज सुमारें ५० ग्रॅम क्षारमिश्रण धरलें तर महिन्यास दीड किलो होतें. अधिक दुधाच्या जनावरास डॉक्टरांच्या सल्ल्यानें जास्त. त्याची किंमत एका पडलेल्या म्हशीच्या किंमतीशीं प्रत्येकानें ताडून पाहावी. भेसळीची शंका रास्त आहे, म्हणून आय. एस. १६६४ या मानकाचेंच मिश्रण घ्यावें.

यास्तव आपल्या संस्थेस तीन सूचना आहेत. क्षारमिश्रण संस्थेनें एकत्र खरेदी करावें आणि त्याची रक्कम दुधाच्या बिलांतून कापावी. प्रत्येक गोठ्यांत विण्याची तारीख, दूध आणि आजार यांची वही असावी. आणि ही वही कोठें ठेवावी, कशी भरावी, हें ठरवितांना घरांतील बायकांस सभेस बोलवावें. कारण वैरण घालणारा हात बहुधा त्यांचा असतो आणि बिल घेणारा आपला. जमिनीची थकबाकी राहिली तर नोटीस येते. जनावराची थकबाकी नोटीस देत नाहीं. तें एके दिवशीं बसतें.