अंडरग्राउंड म्हणजे वेटिंग रूम नव्हे

‘अजून अंडरग्राउंडच आहे का तो?’ हा प्रश्न माझ्या डोक्यात जातो. जणू अंडरग्राउंड म्हणजे गाडी येईपर्यंत बाकड्यावर बसून काढायचा वेळ. २०१९मध्ये ‘गली बॉय’ आला आणि हे गणित आणखीच पक्कं झालं: आधी गल्ली, मग सिनेमा, मग जाहिरात. जो अडकला तो बिचारा.

या गणिताला एक माणूस पुरून उरलाय. ख्रिस मनाक, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा. डीजे म्हणून नाव घेतलं पीनट बटर वुल्फ. त्याचा जोडीदार होता चरिझ्मा नावाचा रॅपर. या दोघांना डिस्नेच्या मालकीच्या हॉलिवूड बेसिक लेबलनं साइन केलं. आपल्या भाषेत, पोरं ‘पोचली’. पोचून काय झालं? लेबलनं अल्बम काढलाच नाही. डिसेंबर १९९३मध्ये चरिझ्माचा खून झाला. वय २०.

१९९६मध्ये मनाकनं स्वतःचं लेबल काढलं, स्टोन्स थ्रो. पहिली रेकॉर्ड चरिझ्माचीच, ‘माय वर्ल्ड प्रीमियर’. आणि अख्खा अल्बम, ‘बिग शॉट्स’, यायला २००३ उजाडलं. मेलेल्या पोराची टेप इतकी वर्षं कोण सांभाळतं? त्याचे व्ह्यूज कोण मोजणार होतं?

आता यावर कुणीतरी रील करेल: ‘मित्र गमावला, साम्राज्य उभारलं’. मागे पियानो. अशा यशोगाथांचा मला मनस्वी कंटाळा आहे, कारण त्यात लेबलचं खरं काम दिसतच नाही. ते काम म्हणजे, दुसरा कुणी हो म्हणणार नाही अशा गोष्टीला हो म्हणणं आणि मग थांबणं. २०००मध्ये मॅडलिबनं क्वासिमोटो नावानं कार्टूनसारख्या चिरक्या आवाजात अख्खा अल्बम केला. मनाकनं तो काढला. ‘मॅडव्हिलनी’ची कच्ची प्रत रिलीजच्या वर्षभर आधीच इंटरनेटवर फुटली. मॅडलिब आणि मुखवटेवाला एमएफ डूम, दोघं दुसऱ्या कामांना लागले. नंतर परतले, डूमनं पुन्हा रॅप केलं, यावेळी आवाज खाली आणून. २००४मध्ये अल्बम आला: २२ ट्रॅक, ४६ मिनिटं, हुक शोधून सापडत नाही. कुठल्याही ‘कंटेंट स्ट्रॅटेजी’त तो पहिल्या मीटिंगमध्येच मेला असता. जे डिलाचा ‘डोनट्स’ तर ३१ तुकड्यांचा, रॅपरच नाही. तो ७ फेब्रुवारी २००६ला आला, डिलाच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. तीन दिवसांनी डिला गेला.

तुम्ही म्हणाल, याच लेबलवरून २०१०मध्ये आलो ब्लॅकचं ‘आय नीड अ डॉलर’ गाजलंच की. गाजलं, छान झालं. कलाकारानं उपाशी राहावं असं मी म्हणतच नाही. गरिबीचं कौतुक पोट भरलेल्यांनी करावं. पण तो हिट यायला लेबलची चौदा वर्षं गेली होती, आणि मधल्या रेकॉर्डी त्या हिटची तयारी म्हणून निघाल्या नव्हत्या. हा फरक आपल्याकडे कुणाला सांगायला गेलं की समोरचा फोन बघायला लागतो.

आणि मनाकची आरती ओवाळायचीही गरज नाही. २००७मध्ये स्टोन्स थ्रोवर मॅडलिबचं ‘बीट कंडक्टा इन इंडिया’ आलं, हिंदी सिनेसंगीताचे तुकडे कापून केलेलं. मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, ढोलक वाजवणाऱ्यांचं त्यात काय? विचारायलाच हवं. फक्त, त्याच वादकांची नावं आपल्या सिनेमांच्या रेकॉर्डींवर तरी कुठे असायची? संगीतकार, गीतकार, गायक, संपलं. तिकडच्या पोरांवर चोरीचा आरोप करायचा तर आधी आपलं कव्हर उलटून बघू.

आजही तेच चाललंय. मराठी रॅपचा व्हिडिओ लावा, रॅपरचं नाव ठळक. बीट कुणी केली, मिक्स कुणी केलं, ते डिस्क्रिप्शनमध्ये तळाशी. तेही असलं तर. आपल्याकडे माइकवर पोरं भरपूर आहेत. त्यांच्या पहिल्यावहिल्या ट्रॅकच्या मूळ फाइल्स कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपवर पडल्यात, आणि तो लॅपटॉप कधीही बंद पडेल. तुमच्या क्रूमध्ये त्या उतरवून, त्यावर नावं-तारखा लिहून ठेवणारा एक जण नेमा. रॅपर नंतर शोधा.