शेवंता हे नाव कुणाचे?

भीमजयंतीच्या एकांकिकेची तालीम पाहायला आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळ्यात गेलो होतो. मुलांनी नाटक स्वतः लिहिले आहे, याचे कौतुक वाटले. त्यात मुकादमाला नादी लावून मजुरांचा पगार उडवायला लावणारी एक बाई आहे. तिचे नाव शेवंता. नाव ऐकताच सगळे हसले. कोपऱ्यात बसलेल्या एक आजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचेही नाव तेच.

दोष एकट्या मुलांचा नाही. २०१९ साली ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या भागातली शेवंता घरोघरी पोचली. त्याआधी ते साधे फुलाचे नाव होते. भाजी विकणाऱ्या, पाटी वाहणाऱ्या आयाबायांचे. हिंदी सिनेमाची तऱ्हा आणखी वेगळी. ‘कारवाँ’त (१९७१) हेलन मोनिका, ‘जंजीर’मध्ये (१९७३) बिंदू मोना! म्हणजे नाव नेहमी दुसऱ्याच्या घरचे. स्वतःच्या आईचे नाव अशा पात्राला देणारा लेखक आम्हाला तरी भेटलेला नाही.

वैशालीच्या गणिकेचे नाव आम्रपाली. लिच्छवींचे निमंत्रण बाजूला ठेवून भगवंतांनी तिच्याकडचे भोजन स्वीकारले. आज आपल्या वस्त्यांत आईबाप हौसेने मुलीचे नाव आम्रपाली ठेवतात.

आम्ही मुलांना एवढेच म्हटले, बाई धोक्याची आहे हे तिच्या वागण्यातून कळू द्या, नावातून नको. लिहिणाऱ्या मुलाने शेवंता खोडून आपल्या थोरल्या बहिणीचे नाव घातले. बहीण तिथेच होती. तालीम अर्धा तास थांबली.