गोणपाट गेले, ग्रुप आला!

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेच्या पटावर चढले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळेत बाबासाहेब गोणपाटावर वेगळे बसत. नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. घरी ते कोपऱ्यात ठेवता तरी येत होते. आज आमच्या मुलांचे गोणपाट मोबाईलमध्ये आहे आणि ते रात्रीही उशाशी असते.

शिष्यवृत्तीची यादी लागली की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सरकारी जावई’ हा शब्द पडतो. १४ एप्रिल जवळ आला की बाबासाहेबांची विटंबना करणारी चित्रे फिरू लागतात. एक जण टाकतो, बाकीचे हसतात. कोणी विरोध केलाच, तर त्याला वगळून दुसरा ग्रुप तयार होतो आणि गृहपाठ नेमका त्या ग्रुपवर येतो! मूल आधी वर्गात हात वर करायचे थांबवते. मग सकाळी पोट दुखते, झोप उडते, गैरहजेरी वाढते. गुण घसरले की तेच लोक म्हणतात, “पाहा, यांची लायकीच नाही!”

वकिलीच्या निमित्ताने असे पालक आमच्याकडे येतात. बहुतेकांनी आधी मुलाचाच मोबाईल काढून घेतलेला असतो. म्हणजे शिक्षा पीडितालाच! शाळा म्हणते, “हा शाळेबाहेरचा विषय आहे.” हे धादांत खोटे आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा संस्थेच्या आतील आणि बाहेरील, दोन्ही ठिकाणच्या छळाला लागू आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी केलीच पाहिजे. त्याने टाळाटाळ केली, तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असे कायदा मानतो.

ॲट्रॉसिटी कायद्यान्वये जातीवाचक अपमान लोकांच्या नजरेसमोर घडावा लागतो. बंद ग्रुप त्यात मोडतो का, यावर विरोधी वकील वाद घालणारच. परंतु २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, अनुसूचित जाती-जमातींना पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी किंवा अन्य मार्गाने अनादर करणे हाही गुन्हा आहे. बाबासाहेबांची विटंबना ‘गंमत’ म्हणून सोडून देता येणार नाही. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून धम्म स्वीकारलेल्या बौद्धांनाही या कायद्याचे संरक्षण आहे.

नववीतल्या पोराला तुरुंगात धाडण्यात आम्हाला रस नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी बाल न्याय मंडळ आहे. हे विष त्या पोरांनी घरातून आणि समाजातून उचलले आहे. आमचे बोट आहे ते सर्व वाचूनही गप्प बसणाऱ्या शिक्षकाकडे आणि संस्थाचालकाकडे.

म्हणून पालकांनो, रागाच्या भरात संदेश पुसू नका. तारीख आणि नंबर दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, मूळ मोबाईल जपून ठेवा. न्यायालयात तो लागेल. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. मुलांसाठीची १०९८ आणि ॲट्रॉसिटीविरोधी १४५६६ या हेल्पलाईनचे क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहा. आणि सर्वांत आधी लेकराला जवळ घेऊन सांगा, “चूक तुझी नाही.”

गोणपाटावर बसवूनही बाबासाहेबांनी शाळा सोडली नाही. आमच्या एकाही मुलाला ती सोडावी लागता कामा नये, ही जबाबदारी आपली आहे.

जय भीम!