‘दिसला नाही’ एवढ्याने भागत नाही

रात्रीच्या अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: अंधारात सायकलस्वार दिसला नाही. आपणही ते वाचून पान उलटतो. न दिसण्याचा दोष आपोआप सायकलवाल्याच्या पदरात पडतो. गाडी किती वेगात होती, हे फारसे कुणी विचारत नाही.

हिशेब करून पाहा. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. काही दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 25 मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला पुढे आणखी 20 मीटर लागतात. हेडलाइट डिपरवर असताना गडद कपड्यांतला माणूस मात्र साधारण 30 मीटरवर आल्यावरच नजरेस पडतो. त्यात समोरून दुसरी गाडी आली, तर तिच्या झोतात मधला सायकलस्वार पुरता नाहीसा होतो.

अशा रस्त्यावर सायकल चालवतो कोण? हौसेने पहाटे निघणाऱ्यांकडे दिवे, हेल्मेट, चकाकणारे जाकीट असते. आपल्या वस्त्यांतून सायकल निघते ती एमआयडीसीतल्या पाळीला, वॉचमनच्या ड्युटीला, पेपर आणि दूध टाकायला. कंपनीचा गणवेश बहुधा गडद निळा. सायकलला दिवा नाही, कारण दुकानात तो वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. मागच्या पिढीतल्या वाचकांना आठवत असेल, रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस अडवायचे. चाकाला घासून चालणारा डायनामो तेव्हा सर्रास असायचा. तो गेला आणि बहुतेक सायकलींवर त्याच्या जागी काहीच आले नाही. 2020 साली केंद्र सरकारने सायकलच्या रिफ्लेक्टरच्या गुणवत्तेबाबत आदेश काढला खरा, पण दहा-पंधरा वर्षे वापरात असलेल्या जुन्या सायकलींना त्याचा काय उपयोग?

माझे म्हणणे असे की, ज्याच्या कामासाठी माणूस अंधारात रस्त्यावर येतो, त्यानेच त्याच्या दिसण्याचा खर्च उचलावा. हे अवघड नाही. ऊस गळीताच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा आपल्याकडे होतात. मग कारखान्याच्या गेटवर उभ्या असलेल्या सायकलींना तीच पट्टी लावायला काय हरकत आहे? युनियनच्या मागणीपत्रात बुटांच्या खाली ही एक ओळ घालावी: गणवेशाला पाठीवर आणि बाह्यांवर चंदेरी चकाकणारी पट्टी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. हिवाळ्यात शाळा आणि शिकवणी आटोपून घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. मुलींच्या हाती सायकल देण्याआधीच शाळेने तिच्यावर पट्टी चिकटवली, तर फोटोपेक्षा ते जास्त उपयोगाचे ठरेल.

मालक आणि सरकार जागे होईपर्यंत घरी बसूनही चालणार नाही. हार्डवेअरच्या किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात रिफ्लेक्टर टेप मिळते. मागच्या मडगार्डवर लाल, पुढे पांढरी लावा. पेडलला किंवा घोट्याभोवती एक तुकडा जरूर असू द्या. वर-खाली हलणारा तो ठिपका पाहून ही सायकल आहे, हे चालकाच्या चटकन लक्षात येते. मैलाच्या दगडावरची चमक अशी हलत नाही.

पण टेपला स्वतःचा उजेड नसतो. गाडीचा झोत पडला तरच ती चमकते. चौकात आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला ती वेळेत दिसेलच असे नाही. म्हणून मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा हवाच. रंगांची अदलाबदल करू नका, नाहीतर तुम्ही येताय की जाताय हेच कळत नाही. चार्जिंगचा दिवा असेल तर रात्री मोबाइलशेजारीच लावून ठेवावा.

विहारातून पांढऱ्या कपड्यांत परतणाऱ्यांना वाटते, आपण दिसतोच. पांढरा काळ्यापेक्षा बरा, पण टेपची बरोबरी त्याला येत नाही. पोपटी-पिवळ्या निऑन जाकिटाचा भडकपणा दिवसा उपयोगी. रात्री खरे काम त्यावरची चंदेरी पट्टी करते. पावसात रेनकोट वरून येतो आणि पट्टी झाकली जाते, तेव्हा एक तुकडा रेनकोटच्या पाठीवरही लावावा. कॅरिअरवरचा डबा किंवा पिशवी मागच्या दिव्यासमोर लोंबत नाही ना, तेही निघण्यापूर्वी पाहावे.

आणि वळसा वाचवण्यासाठी उलट्या बाजूने येऊ नका. तुमचा आणि समोरच्या गाडीचा वेग तिथे एकत्र होतो आणि वर मोजलेले मीटर आणखी कमी पडतात. सिग्नलला ट्रकच्या डाव्या बाजूला घुसू नये. केबिनमधून तिथले काहीच दिसत नाही, मग अंगावर कितीही पट्ट्या असोत.