शिवारातल्या वाटा आणि आपली सायकल

आपल्या शाळेच्या सायकल स्टँडकडे एकदा नीट पाहावे. तिथे उभ्या असलेल्या सायकली बहुतेक खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींच्या असतात. शहरातली मुले व्हॅनने, रिक्षाने किंवा बाबांच्या दुचाकीवरून येतात. एकाच बाकावर बसणारी ही मुले रविवारी मात्र एकमेकांच्या गावी, घरी फारशी जात नाहीत. हे अंतर आठ-दहा किलोमीटरचेच आहे आणि ते सायकलने कापता येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

हल्ली मोठ्या शहरांत ‘ग्रॅव्हल बायकिंग’ नावाचा प्रकार लोकप्रिय होतो आहे. डांबरी हमरस्ता सोडून खडी-मुरमाच्या, रहदारी नसलेल्या वाटांनी लांब सायकल चालवायची, एवढाच त्याचा अर्थ. २०२२ पासून याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही भरते. पहिली इटलीत झाली. यासाठी मिळणाऱ्या सायकलींची किंमत ऐकून पालकांनी घाबरून जाऊ नये. या सायकलीचे मुख्य वैशिष्ट्य तिच्या टायरमध्ये आहे. शर्यतीच्या सायकलीचा टायर पंचवीस-तीस मिलीमीटर रुंद असतो, हिचा साधारण ३५ ते ५० मिलीमीटर. आता आपल्या आजोबांची काळी, दांडीची सायकल आठवा. तिचा टायर दीड इंची, म्हणजे ३८ ते ४० मिलीमीटरचा! दुधाच्या किटल्या आणि गवताचे भारे घेऊन ती ज्या गाडीवाटेने जात होती, तीच वाट आता नव्या नावाने फॅशनमध्ये आली आहे. तेव्हा घरात जी सायकल असेल तिचे ब्रेक नीट करून घेतले, तरी आपले काम भागते.

इटलीतील तोस्काना प्रांतात द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमधून पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते जातात. त्यांवर एकामागून एक डांबर पडू लागले, तेव्हा जिआनकार्लो ब्रोची यांनी १९९७ साली गायोले या गावातून एक सायकल फेरी काढली. तिचे नाव ‘लेरोइका’. पहिल्या वर्षी ९२ जण आले. १९८७ पूर्वीच्या जुन्या सायकलींनीच यात भाग घ्यायचा, असा तिचा नियम झाला. हळूहळू जगभरातून लोक येऊ लागले. आता तिथे दोनशे किलोमीटरहून लांबीचा पाट्या लावलेला मार्ग आहे आणि त्यावर वर्षभर कोणीही सायकल चालवू शकतो. २००७ पासून त्याच कच्च्या रस्त्यांवर नामांकित खेळाडूंची शर्यतही होते. ज्या वाटेने माणसे जातात, ती वाट टिकते, हा यातून घेण्याचा धडा.

आता आपल्या बेळगावकडे वळू. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंची, सौम्य हवा, ‘गरिबांचे महाबळेश्वर’ अशी जुनी ख्याती. सायकलीसाठी आणखी काय हवे? दक्षिणेला वडगाव-येळ्ळूरचे सपाट शिवार आहे. पावसाळ्यात भात, सुगीनंतर त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. समोर राजहंसगड सतत दिसत राहतो, म्हणून वाट चुकण्याचीही भीती नाही. पश्चिमेला बेळगुंदीची तांबडी माती आणि रताळ्यांचे मळे, आणि पुढे मार्कंडेय नदीवरचा राकसकोप जलाशय. रोज नळाला येणारे पाणी कुठून येते, हे शहरातल्या मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे. वायव्येला उचगाव, बेकिनकेरेवरून कोवाडकडे जाता येते. कोवाड हे ‘स्वामी’कार रणजित देसाई यांचे गाव. त्या वाटेवर राज्याची सीमा लागते, पण मातीला आणि पिकाला ती ठाऊक नसते. बदलते ती फक्त पाटीवरची लिपी. पूर्वेला सांबरा, मुचंडीकडे काळी जमीन आहे. तिथे पावसात जाऊ नये; चिखल चाकाला असा धरतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले खरे दिवस.

याच दिवसांत आपल्या खेड्यांत साहित्य संमेलने भरतात. कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, कुद्रेमानी ही गावे स्वतःच्या हिमतीवर ग्रंथदिंडी काढतात, पाहुणे बोलावतात, मांडव घालतात. सीमाभागात मराठी टिकवण्याविषयी आपण व्यासपीठावरून पुष्कळ बोलतो. मग आपल्या शाळेची पन्नास मुले सायकलीवरून संमेलनाला गेली, तर ते भाषणापेक्षा कमी मोलाचे ठरेल काय? बांध, पाणंद, मळणी, रास हे शब्द शहरातल्या मुलांना धड्याखालच्या शब्दार्थात भेटतात. त्याच बाकावरच्या मित्राच्या शेतात उभे राहिल्यावर ते पाठ करावे लागत नाहीत. आणि खेड्यातून येणाऱ्या मुलाला त्या दिवशी प्रथमच वाटते की, आपल्याला ठाऊक असलेले काहीतरी वर्गाला शिकायचे आहे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे खरे फळ हेच.

पालकांच्या शंका रास्त आहेत. पहिली शंका रहदारीची. म्हणूनच तर हमरस्ता टाळायचा. शहरातून शिवारापर्यंतचा टप्पा सकाळी लवकर, शिक्षकांच्या सोबतीने पार करावा. आठवीच्या पुढचीच मुले घ्यावीत, दहा मुलांमागे दोन मोठी माणसे, प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट, अकराच्या आत परत. दुसरी शंका अभ्यासाची. महिन्यातून एका रविवारच्या चार तासांनी दहावीचा निकाल बिघडत नाही. रोजच्या मोबाइलने बिघडतो. तिसरी शंका मुलींची. २००६-०७ पासून कर्नाटक सरकारने सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली दिल्या. त्या काळात आपल्या भागातील खेड्यापाड्यांच्या वाटांवरून मुलींचे थवेच्या थवे सायकलीवर शाळेला येताना सर्वांनी पाहिले. कोरोनाच्या काळापासून ते वाटप थांबले, पण मुली सायकल विसरल्या नाहीत. त्यांना आता आपल्या फेरीतून मागे ठेवणे बरे दिसणार नाही.

एक शंका मात्र पालकांच्या बाजूने येत नाही, शेतकऱ्यांच्या बाजूने येते, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याला सायकलीसाठी कच्ची वाट छान वाटते. पण ऐन सुगीत जिची गाडी चिखलात रुतते, तिला डांबर हवे असते. आपल्या रविवारच्या आनंदासाठी कोणी वर्षभर चिखल तुडवावा, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझे म्हणणे एवढेच की, वाट आधी वाट म्हणून राहिली पाहिजे. शहर वाढते तसे प्लॉट पडतात, दोन्ही बाजूंचे कुंपण हातभर पुढे सरकते, आणि बैलगाडीची वाट दुचाकीपुरती उरते. चांगला दाबलेला मुरूम, बाजूला चर, ओढ्यावर मोरी, एवढे झाले तर तीच वाट शेतकऱ्यालाही पुरते आणि सायकललाही. हे मागायला शेतकऱ्याबरोबर शहरातले पालकही उभे राहिले, तर मागणीला वजन येईल.

आणखी एक दुखणे आहे. शहराजवळच्या शिवारात रात्रीच्या ओल्या पार्ट्या होतात आणि फुटक्या बाटल्या बांधावर पडतात. सकाळी त्या काचा शेतकऱ्याच्या अनवाणी पायात जातात. सायकल फेरीला निघालेल्या मुलांनी सोबत जाड पोते न्यावे आणि मोठ्या माणसांनी हातमोजे घालून त्या काचा उचलाव्यात. शिवारात पाहुणे म्हणून जायचे तर रिकाम्या हाताने जाऊ नये. उभ्या पिकात पाऊल टाकू नये, शेंगा विचारल्याशिवाय तोडू नयेत, बैलगाडी आली तर आपण खाली उतरावे, हे वेगळे सांगायला नको.

संस्थेच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे. या हिवाळ्यात येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव आणि मुचंडी अशा चार फेऱ्या ठरवाव्यात. कोवाडची लांब फेरी दुसऱ्या वर्षी मोठ्या मुलांसाठी ठेवावी. ज्यांच्या घरी सायकल नाही त्यांच्यासाठी शाळेने दहा साध्या सायकली, पंप आणि पंक्चरचे सामान घ्यावे. गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्याला एक दिवस सन्मानाने शाळेत बोलावून मुलांना पंक्चर काढायला शिकवावे. भूगोलाच्या शिक्षकांनी मुलांकडून प्रत्येक वाटेचा नकाशा काढून घ्यावा. त्यात विहीर, देऊळ, ओढा, मोठे झाड आणि वाटेची रुंदी पावलांनी मोजून लिहावी. दरवर्षी तीच वाट पुन्हा मोजली, तर ती कुठे किती अरुंद झाली याची नोंद आपोआप तयार होईल. ग्रामपंचायतीपुढे ठेवायला अशी नोंद फार उपयोगी पडते.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या फेरीसाठी तुमच्यापैकी वाट दाखवणारे कोण, हे आजच ठरवा. ते नाव खेड्यातून सायकलने शाळेला येणाऱ्या एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे असावे.